टॉपला किती जाते?

प्रत्येक वस्तूला विचारायचा एक प्रश्न जगाने ठरवून टाकलेला असतो. शाळकरी मूल दिसले की 'कितवीत आहेस?', नवे घर दिसले की 'केवढ्याला पडले?', दारात म्हैस दिसली की 'दूध किती देते?' आणि मोटारसायकल दिसली की 'टॉपला किती जाते?' विचारणाऱ्याला त्या मुलाला शिकवायचे नसते, घर घ्यायचे नसते, म्हैस तर नकोच असते. तरी प्रश्न विचारल्यावाचून त्याला पुढे जाववत नाही.

यातला चौथा प्रश्न मी लहानपणापासून इतक्या वेळा ऐकला आहे की, मराठी विषय घेऊन बी. ए. करणाऱ्या मुलीने त्यावर निबंध लिहावा याचे माझ्या घरी कुणालाच नवल वाटणार नाही. सोलापुरात आमचे मोटारसायकलचे गॅरेज आहे. गॅरेज म्हणजे लिंबाखाली पत्र्याची एक शेड, तेलाने काळी झालेली जमीन, भिंतीवर ओळीने टांगलेले पाने आणि मधोमध लाकडी ठोकळ्यावर चढवलेले कुणाचे तरी उघडे इंजिन. शाळा सुटली की मी तिथल्या बाकावर बसून अभ्यास करायची आणि बिले लिहायची. 'स्प्रॉकेट' हा शब्द 'स्पॉकेट' असा लिहिला नाही तर गिऱ्हाइकाला कळत नाही, हे भाषाविज्ञानातले पहिले तत्त्व मी त्या बाकावरच शिकले.

गॅरेजपुढे अण्णांची, म्हणजे माझ्या वडिलांची, बुलेट उभी असते. १९७८ सालची, साडेतीनशे सी.सी.ची, उजव्या पायात गिअर आणि डाव्या पायात ब्रेक असलेली. हल्लीच्या गाड्यांचे नेमके उलट. कॉलेजची पोरे येतात, गाडीभोवती एक फेरी मारतात, टाकीवर टिचकी वाजवतात आणि मग तो प्रश्न येतोच. "काय अण्णा, टॉपला किती मारतंय?" अण्णा हातातल्या बोळ्याने हात पुसत म्हणतात, "रस्ता असंल तेवढं." पोरे हसतात. हे उत्तर नव्हे हे त्यांनाही कळते, पण वाद घालत नाहीत.

मला मात्र ते उत्तर फार दिवस पुरले नाही. आकडा असतोच ना काही तरी? मग तो सांगायला काय हरकत आहे? म्हणून मागच्या सुट्टीत मी तो काढायला बसले.

आधी 'टॉप' म्हणजे काय ते पाहू. शब्दाचा अर्थ वरचा, सर्वांत उंच. पण आमच्या बुलेटला पहिला गिअर वर उचलून पडतो आणि बाकीचे तीन पायाने खाली दाबत जायचे असतात. म्हणजे टॉप सगळ्यांत तळाशी. नावात आणि गावात एवढे अंतर फक्त आपल्या आडनावांतच आढळते.

दुसरी गंमत याहून मोठी आहे. टॉप म्हणजे गाडीचा सगळ्यांत ताकदवान गिअर, अशी माझी आणि माझ्या मैत्रिणींची समजूत होती. प्रत्यक्षात तो सगळ्यांत अशक्त. इंजिनाचे पंधरा-सोळा फेरे झाले की पहिल्या गिअरमध्ये मागचे चाक एकदा फिरते. टॉपमध्ये साधारण साडेपाच फेऱ्यांतच चाकाचा एक फेरा होतो. म्हणजे पहिल्यात चाकाला जी ओढ मिळते ती टॉपच्या पावणेतीन पट. गिअरबॉक्स स्वतः काहीच निर्माण करत नाही. इंजिनाकडून आलेली मिळकत तीच. ती ओढ म्हणून घ्या, नाही तर धाव म्हणून घ्या. एक जास्त घेतली की दुसरी तेवढी कमी. आमच्या गाडीत तर टॉप पडला की गिअरबॉक्समध्ये काही घडतच नाही. क्लचकडून आलेला फेरा जसाच्या तसा पुढच्या स्पॉकेटला दिला जातो, एकास एक. पहिला, दुसरा, तिसरा हे राबणारे गिअर. टॉप हा नुसता निरोप पोचवणारा.

आता आकडा. बुलेटच्या इंजिनाची ताकद अठरा अश्वशक्ती, आणि ती साडेपाच हजार फेऱ्यांच्या जरा पुढे मिळते. एवढे जुने इंजिन म्हणून आपण मिनिटाला ५,००० फेरे धरू. त्याला साडेपाचाने भागले की चाकाचे ९०९ फेरे. एकोणीस इंची चाक टायरसकट एका फेऱ्यात सुमारे दोन मीटर जाते. म्हणजे मिनिटाला १,८१८ मीटर, तासाला १०९ किलोमीटर. झाले की उत्तर! कागद घेऊन मी अण्णांकडे गेले. त्यांनी तो तेलकट हाताने धरला, उलटा करून पाहिला, मागे काही लिहिलेले नाही याची खात्री केली आणि म्हणाले, "आणि वारा कुठं धरलीस?"

वारा मी धरलाच नव्हता. आणि सगळे उत्तर तर वाऱ्यातच आहे.

सपाट रस्त्यावर ताशी तीस-चाळीसपर्यंत गाडीला मुख्यतः स्वतःचे वजन आणि टायरची घासण ओढायची असते. त्यापुढे हवा आडवी येऊ लागते. वेग दुप्पट झाला की हवेचा अडथळा चौपट होतो आणि तो कापायला लागणारी ताकद आठपट. ऐंशीवरून शंभरवर जायचे तर वेग फक्त पावपटीने वाढला असे आपल्याला वाटते, पण हवेला द्यावी लागणारी ताकद जवळजवळ दुप्पट होते. इंजिन आपले अठरा घोडे घेऊन हवेला रेटत जाते, हवा दर किलोमीटरला अधिक घट्ट होत जाते आणि एका क्षणी दोघांची बरोबरी होते. त्या क्षणी घड्याळाचा काटा जिथे थांबतो तो टॉपचा आकडा. तो गाडीच्या घड्याळावर छापलेला नसतो. आमच्या घड्याळावर १६० पर्यंत आकडे आहेत. ते छापणाऱ्याच्या औदार्याबद्दल काही म्हणायचे नाही.

म्हणून तो आकडा रोज वेगळा असतो. पाठीवर वारा असेल तर वेगळा, समोरून असेल तर वेगळा, चालवणारा टाकीवर वाकला असेल तर आणखी वेगळा, आणि मागे दोन पोती सिमेंट असेल तर विचारूच नका. "रस्ता असंल तेवढं" या उत्तरात मी समजत होते त्यापेक्षा बरेच अधिक शास्त्र होते.

आमच्याकडे एक गिऱ्हाईक होते. बुलेटचा टॉप वाढवून द्या म्हणून मागे लागले. पुढच्या स्पॉकेटला दात वाढवले की इंजिनाच्या तेवढ्याच फेऱ्यांत मागचे चाक जास्त फिरते, हे त्याने कुठे तरी वाचले होते. हिशेब म्हणून ते खरेही आहे. अण्णांनी नको म्हटले. त्याने दुसरीकडून दोन दात वाढवून आणले आणि आठवड्याने तोंड पाडून आला. विजापूर रस्त्याला समोरून वारा होता आणि गाडी टॉपमध्ये आधी जात होती तेवढीही जाईना. तिसऱ्यात टाकली की पळत होती. त्याचे कारण उघड आहे. दात वाढवून त्याने धाव वाढवली ती ओढ कमी करून, आणि वाऱ्यापुढे कमी पडत होती ती ओढच. अण्णांनी जुना स्पॉकेट परत चढवून दिला आणि मजुरी घेतली नाही. मला वाटते, बरोबर ठरल्याच्या आनंदात मजुरी वसूल झाली असावी.

वाऱ्याला हरवायचे तर दोनच मार्ग आहेत. ताकद वाढवा, नाही तर अंग चोरा. अमेरिकेत युटामध्ये बॉनव्हिल नावाचे मिठाचे सपाट वाळवंट आहे. तिथे १९४८ साली रॉली फ्री नावाच्या स्वाराने व्हिन्सेंट मोटारसायकलवर ताशी २४१ किलोमीटरच्या वर वेग गाठला. वारा कपड्यांत भरतो म्हणून त्याने शेवटच्या फेरीला कपडेच काढून ठेवले आणि पोहण्याच्या चड्डीवर, गाडीवर पालथा, पाय मागे लांब करून झोपला. तो फोटो प्रसिद्ध आहे. आमच्या गॅरेजमध्ये तो लावावा असे मी सुचवले होते, पण आईने मोडता घातला.

त्याहूनही मला आवडतो तो न्यूझीलंडचा बर्ट मन्रो. त्याच्याकडे १९२० सालची 'इंडियन स्काउट' ही मोटारसायकल होती. नावावरून कुणी छाती फुगवू नये. 'इंडियन' ही अमेरिकन कंपनी. मुळात ती गाडी ताशी ८८ किलोमीटरच्या आसपास जाणारी. या गृहस्थाने उभे आयुष्य त्या एका गाडीवर घालवले. पिस्टन स्वतः ओतले, इंजिन वाढवले, गाडीवर माशासारखे निमुळते कवच चढवले आणि १९६७ साली, वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी, बॉनव्हिललाच ताशी २९५ किलोमीटरचा विक्रम केला. मूळ वेगाच्या तिपटीहून अधिक. नुसत्या ताकदीवर हे करायचे तर, आठपटीच्या त्याच हिशेबाने, मूळच्या सदतीसपट ताकद लागली असती. म्हणून ते कवच. २००५ साली त्याच्यावर इंग्रजी चित्रपटही निघाला. पुढे २०१० साली त्याच मिठावर रॉकी रॉबिन्सनने ताशी ६०५ किलोमीटर गाठले, पण त्या यंत्राला मोटारसायकल म्हणायला माझी जीभ वळत नाही. दोन चाके आहेत एवढेच. ते लांबलचक बंद नळकांडे बघून 'टॉपला किती?' असे विचारावेसेच वाटत नाही.

आमच्या इंग्रजीच्या सरांना हा निबंध लिहिते आहे असे सांगितले तेव्हा त्यांनी टी. ई. लॉरेन्सचे नाव काढले. अरबस्तानातल्या बंडाचा नायक आणि 'सेव्हन पिलर्स ऑफ विस्डम'चा लेखक म्हणून तो आपल्याला माहीत असतो. पण तो वेगाचा वेडा होता. त्याच्याकडे एकामागून एक ब्रफ सुपीरिअर मोटारसायकली होत्या. त्यांच्या एसएस १०० या गाडीला ताशी शंभर मैलांची हमी असे. विमानाशी लावलेल्या शर्यतीचे वर्णन त्याने लिहून ठेवले आहे. मे १९३५ मध्ये घराजवळच्या साध्या रस्त्यावर सायकलवरच्या दोन मुलांना चुकवताना तो पडला आणि सहा दिवसांनी गेला. गाडी नंतर तपासली तेव्हा ती दुसऱ्या गिअरमध्ये अडकलेली होती असे सांगतात. विमानाशी शर्यत लावणारा माणूस टॉपमध्ये गेला नाही. त्याच्यावर उपचार करणाऱ्यांत ह्यू केर्न्स नावाचे मेंदूचे शल्यविशारद होते. त्या मृत्यूनंतर त्यांनी मोटारसायकलस्वारांच्या डोक्याच्या जखमांचा अभ्यास केला आणि दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश सैन्यातल्या स्वारांना हेल्मेट सक्तीचे झाले. आपल्याकडे हेल्मेटवरून पोलिसांशी हुज्जत घालणाऱ्यांना ही हकीकत सांगावी असे वाटते. पण हुज्जत घालणारा माणूस हकीकत ऐकायला थांबत नाही, हाही अनुभव आहे.

आता कुणी विचारील, तू स्वतः किती पळवलीस? मी बुलेट चालवते. तुळजापूर रस्त्यावर थंडीतल्या एका पहाटे मी ती टॉपमध्ये ऐंशीपर्यंत नेली आहे. दुचाकीला मोठ्या रस्त्यावरही कायद्याने तेवढीच मुभा आहे, आणि मला त्यापुढचे कागदावर मिळाले होते. ऐंशीला काय होते? पायाखालचे रबर मुंग्या आल्यासारखे थरथरते, आरशातला रस्ता पुसला जातो, कानात फक्त वारा राहतो. इंजिनात पिस्टन मिनिटाला सुमारे साडेसहाशे मीटर पळत असतो, आणि तेवढ्यात सात हजारांवर वेळा जागच्या जागी थांबून उलट फिरत असतो. आपण मात्र स्वस्थ बसलेलो असतो. त्या पहाटे मला मोठा आनंद झाला हे खरे आहे. वेगाला नावे ठेवणारे निबंध मी वाचले आहेत. ते लिहिणाऱ्यांना पहाटे तुळजापूर रस्त्यावर एकदा पाठवायला हवे.

घरी आल्यावर मी अण्णांना विचारले, "तुम्ही कधी पूर्ण मारली का हो? काटा पुढे सरकेना इथपर्यंत?"

ते टॅपेट बसवत होते. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "एकदा. आक्काकडं जाताना."

आक्का म्हणजे माझी आत्या. तिचे सासर सास्तूरजवळच्या एका खेड्यात. पुढचे मला तुकड्यातुकड्यांनी कळले, काही त्या दिवशी, काही नंतर. इथे जोडून लिहिते आहे.

३० सप्टेंबर १९९३. आदल्या रात्री गणपती बुडाले होते. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी जमीन हलली. सोलापुरातही भांडी पडली, लोक रस्त्यावर आले. अण्णा तेव्हा बावीस वर्षांचे, एका गॅरेजमध्ये कामाला. उजाडता उजाडता बातमी आली की उमरग्याकडची, किल्लारीकडची गावेच्या गावे बसली. अण्णा उस्तादांच्या दारात गेले. उस्तादांची ही बुलेट. त्यांनी काही न विचारता चावी दिली आणि वर पहार आणि दोर काढून दिला. अण्णांनी पहार गाडीला लांबीत बांधली, दोर खांद्यात अडकवला, पेट्रोल भरले आणि हैदराबाद रस्त्याला लागले.

बोरामणी, इटकळ, अणदूर. रस्ता तेव्हा दोनच पदरी. अण्णा टाकीवर पालथे पडून, कोपर आत घेऊन चालले होते. रॉली फ्रीचे नाव त्यांनी ऐकलेले नव्हते. काटा पंचाण्णव आणि एकशे पाचच्या मध्ये थरथरत होता, नक्की आकडा त्यांना आजही सांगता येत नाही. मूठ पूर्ण पिळलेली होती आणि आणखी पिळायला काही उरले नव्हते. "मूठ तुटंल असं वाटत होतं," म्हणाले, "गाडी पुढं सरकतच नाही असं वाटत होतं. शंभरला." नळदुर्ग अर्ध्या तासात आले. किल्ला मागे गेला, बोरी नदी ओलांडली.

आणि मग उमरग्याच्या अलीकडे हमरस्ता सोडून ते उत्तरेला लोहाऱ्याच्या बाजूला वळले, तिथे टॉप संपला. रस्त्यावर जीपा, ट्रॅक्टर, बैलगाड्या, पायी धावणारी माणसे. कोणी आपल्या माणसांकडे चाललेले, कोणी नुसते बघायला. पोलीस ओरडत होते. वीस-बावीस किलोमीटरला साडेतीन तास लागले. बराच वेळ पहिल्यात, जमेल तिथे दुसऱ्यात. हवेवर थंड होणारे हे इंजिन. त्याला गार व्हायला वारा लागतो. जो वारा टॉपमध्ये वाट अडवतो तोच इंजिनाला जगवतो. गोगलगाईच्या चालीने चालले की वारा नाही आणि पहिल्या गिअरमध्ये इंजिन तर भराभर फिरते. गाडी तापली. अण्णांना दोनदा थांबावे लागले. तापलेल्या इंजिनावर पाणी टाकता येत नाही, चिरते. नुसते उभे राहायचे. "शंभरनं गेलो त्याचं काही नाही," म्हणाले, "ते दोनदा थांबलो ना, ते अजून आठवतंय."

गावात गल्ल्याच उरल्या नव्हत्या. त्या भागातली घरे दगडमातीची, दोन-दोन हात जाड भिंती आणि वर मातीचे जड माळवद. उन्हाळ्यात अशा घरात गारवा असतो म्हणून आम्ही त्यांचे कौतुक करतो. त्या पहाटे ते सगळे ओझे झोपलेल्या माणसांवर आले. आत्याला शेजाऱ्यांनी आधीच ओढून बाहेर काढले होते. तिचा पाय मोडला होता. आतोबा आणि थोरली मुलगी आतच होती. पहार तिथे उपयोगी पडली, पण ती दोघे जिवंत निघाली नाहीत.

जखमींना घेऊन जाणारे ट्रक गावाबाहेर, दीड-दोन किलोमीटरवर उभे होते. पुढे वाट नव्हती, दगड आणि चिखल होता. अण्णांनी आत्याला मध्ये बसवले, मागे एका पोराने तिला धरले, आणि पहिला गिअर टाकून ते ट्रकापर्यंत गेले. मग परत आले. दुसऱ्या कुणाला तरी नेले. संध्याकाळपर्यंत अकरा खेपा झाल्या. अकराही पहिल्या गिअरमध्ये, माणसाच्या चालीने, दोन्ही पाय जमिनीला घासत, क्लच अर्धा दाबून. दोन खेपांच्या मध्ये इंजिन निवायला गाडी लिंबाखाली लावायची आणि पुढचा जखमी शेजारी बाजेवर पडलेला, तो विचारतो, "निघायचं का?" आणि 'थोडं थांबा' म्हणायचे. सातव्या खेपेला क्लचच्या प्लेटांचा जळका वास यायला लागला. अकराव्या खेपेनंतर क्लच सुटेचना आणि धरेचना, तेव्हा अण्णांनी गाडी तिथेच उभी केली आणि हातांनी दगड उचलायला गेले.

तिसऱ्या दिवशी उमरग्याहून प्लेटा मिळाल्या. रस्त्याच्या कडेला बसून त्यांनी क्लच उघडला, प्लेटा बदलल्या आणि सोलापूरला परत आले. गाडी उस्तादांच्या दारात लावली. पुढे काही वर्षांनी उस्तादांनी धंदा बंद केला तेव्हा अण्णांनी ती गाडी मागून घेतली. किंमत किती दिली ते मला कुणी सांगितलेले नाही.

"मग तुम्ही पोरांना सांगत का नाही, शंभराच्या वर गेली म्हणून?" मी विचारले.

"ते काय सांगायचं?" अण्णा म्हणाले. "ते अर्ध्या तासाचं काम होतं."

यावर काय बोलावे ते मला सुचले नाही. माझा हिशेबाचा कागद तिथेच ठोकळ्यावर होता. त्यावर १०९ च्या आकड्यावर तेलाचे बोट उमटलेले होते. खरे तर माझे गणित फार चुकलेले नव्हते. वाऱ्याने चार-पाच किलोमीटर खाल्ले, एवढेच.

मेकॅनिक लोकांची इंजिन तपासण्याची एक जुनी रीत आहे, ती या निमित्ताने सांगते. नीट बसवलेल्या बुलेटची परीक्षा ती टॉपमध्ये किती पळते यावर ते घेत नाहीत. ती टॉपमध्ये किती हळू चालते ते बघतात. पॉइंट, टॅपेट, कार्ब्युरेटर सगळे जागच्या जागी असेल तर ही गाडी ताशी पस्तीसलाही टॉपमध्ये धक्का न खाता, ठोका न देता चालत राहते. एकेक ठोका वेगळा मोजता येतो. नव्या गाड्यांना हे सहसा जमत नाही. त्या लगेच कुरकुरतात आणि गिअर उतरवून मागतात. गाडी दुरुस्त करून दिली की अण्णा ती स्वतः एकदा पस्तीसवर, टॉपमध्ये, कोपऱ्यापर्यंत नेऊन आणतात. गिऱ्हाइकाला वाटते, म्हातारा घाबरून हळू चालवतो.

आत्या आता पुनर्वसन झालेल्या नव्या गावात राहते. जुन्या गावापासून ते थोडे दूर आहे. रस्ते सरळ, घरे बुटकी. भूकंपानंतर कित्येक वर्षे ती अंगणातच झोपायची. दरवर्षी भाऊबीजेला अण्णा बुलेटवरून तिच्याकडे जातात, गेल्या वर्षी मी बसने गेले होते. ओवाळून झाले की ती म्हणते, मला गावाकडं ने. गावाकडे म्हणजे जुन्या जागी. तिथे आता बाभळी आहेत आणि दगड आहेत. मोडलेला पाय वाकत नाही म्हणून ती एका अंगाला बसते, एक हात अण्णांच्या खांद्यावर, दुसऱ्या हातात हळदीकुंकवाची पिशवी. मी मागून आतेभावाच्या सायकलवर. रस्ता सपाट, पाठीवर वारा, आणि बुलेट अशी सावकाश, एकेक ठोका टाकत चाललेली की मला सायकलवरून सहज ऐकू येत होते.

आत्या घाबरून म्हणाली, "बापू, बंद पडाय लागली काय रं गाडी?"

"नाही आक्का," अण्णा म्हणाले, "टॉपला हाय."